जुनी गाडी पुन्हा पुन्हा तापते आणि गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही: दोष कसा शोधावा

जुन्या गाडीची ही तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाने येते. गर्दीत अडकलं की तापमानाचा काटा वर चढतो, रस्ता मोकळा मिळाला की खाली येतो. गॅरेजमध्ये नेली की सगळं ठीक दिसतं. मग कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) बदलून होतं, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) बदलून होतो, रेडिएटरचं झाकण नवं येतं, आणि थोड्याच दिवसांत काटा परत लाल पट्ट्याजवळ. कुठलाही सुटा भाग विकत घेण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं हातात हवीत: गाडी नेमकी कोणत्या वेळी तापते, आणि ती तापली तेव्हा पंखा फिरत होता का? ही दोन उत्तरं मिळाली की निम्मा तपास झालेला असतो. ती नसतील, तर पुढचा सगळा खर्च अंदाजावर होतो.

तपासाआधी जिवाची काळजी. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडू नका. बहुतेक गाड्यांत हे झाकण साधारण ०.९ ते १.१ बार दाब धरून ठेवतं, आणि त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास पोचल्याशिवाय उकळत नाही. झाकण सुटताच दाब जातो, आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती थेट चेहऱ्यावर व हातावर येते. वरचा होज पाईप (इंजिन आणि रेडिएटर जोडणाऱ्या दोन रबरी नळ्यांपैकी वरची) हाताने सहज दाबता येईल इतका मऊ आणि कोमट होईपर्यंत थांबायचं, मग वेळ कितीही लागो. दुसरं, बऱ्याच गाड्यांत चावी बंद केल्यावरही विजेचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो. पंख्याजवळ हात घालायचा असेल तर आधी त्याचा प्लग काढा, नाहीतर बॅटरीची तार सोडवा.

चालत्या गाडीत काटा चढायला लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात ठेवा, आणि सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, त्यामुळे इंजिनची थोडी उष्णता तो केबिनमध्ये ओढून घेतो. काटा लाल पट्ट्यात गेला असेल किंवा वाफ दिसत असेल, तर इंजिन लगेच बंद करा. तापलेल्या इंजिनमध्ये थंड पाणी ओतलं तर सिलिंडर हेड वाकण्याची किंवा तडकण्याची भीती असते.

गाडी कधी तापते?

उभ्या गाडीत किंवा मुंगीच्या गतीने चालताना तापत असेल आणि वेग घेतल्यावर निवत असेल, तर संशय हवेवर. वेगात समोरून येणारी हवा रेडिएटरला पुरते, थांबल्यावर ते काम पंख्याला करावं लागतं. म्हणजे पंखा, त्याची वायरिंग, किंवा पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण. हे आवरण तुटलेलं किंवा कधीतरी काढून ठेवलेलं असेल, तर पंखा आजूबाजूची गरम हवाच घुसळत राहतो आणि रेडिएटरमधून पुरेशी हवा ओढत नाही. अपघातात पुढचा भाग दुरुस्त झालेल्या गाड्यांत ते हमखास गायब असतं.

उलट, उभ्या गाडीत ठीक आणि वेगात किंवा चढणीवर तापत असेल, तर पंख्याच्या मागे लागू नका. तिथे पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर पुरेशी उष्णता बाहेर टाकत नाही.

थंड गाडी सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा सरळ वर जात असेल, तर कूलंट कमी आहे, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे, किंवा पंप पाणी ढकलतच नाही. आणि काटा वर असताना हीटरमधून थंड हवा येत असेल, तर कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे हे जवळजवळ नक्की समजा.

काटा खरं बोलतोय का, हेही याच टप्प्यावर बघून घ्या. हेडलाइट लावताच काटा चढत असेल आणि बंद करताच उतरत असेल, तर तापमान बदललेलं नाही, डॅशबोर्डचं अर्थिंग सैल आहे. तापमान काही सेकंदांत एवढी उडी घेऊ शकत नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि पंख्याचा किंवा इसीयूचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा, वेगळा असतो, त्यामुळे एक खोटं सांगत असताना दुसरा बरोबर असू शकतो. लांबून तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर थर्मोस्टॅट ज्या कवचात बसतो त्यावर आणि वरच्या होजवर धरून आकडा घ्या. चकचकीत धातूवर तो चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून काळ्या रबरावर किंवा चिकटपट्टी लावून त्यावर मोजायचं.

पंखा फिरत नाही, पण दोष पंख्याचाच आहे का?

सगळ्यात जास्त चुकीचं निदान होतं ते इथे, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

अनेक जुन्या गाड्यांत पंख्याचा तापमान-स्विच इंजिनवर नसतो, रेडिएटरच्या टाकीत बसवलेला असतो. त्याच्यावर दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ९२ आणि ८७: पहिल्या तापमानाला पंखा सुरू, दुसऱ्याला बंद. आता समजा थर्मोस्टॅट बंद अडकलाय. इंजिन उकळतंय, पण गरम पाणी रेडिएटरपर्यंत येतच नाही. रेडिएटर थंड, म्हणून स्विच थंड, म्हणून पंखा बंद. बघणाऱ्याला वाटतं पंखा गेला. पंखा, रिले (थोड्या विजेच्या इशाऱ्यावर पंख्याची मोठी वीज जोडणारा स्विच), तापमान-स्विच असं सगळं बदलूनही गाडी तापतच राहते, कारण पंख्याला कुणी बोलावलंच नव्हतं.

हवा अडकल्यावरही हेच होतं. सेन्सरचं टोक पाण्यात बुडालेलं नसून हवेच्या पोकळीत असेल, तर तो खऱ्यापेक्षा कमी तापमान सांगतो आणि पंखा उशिरा सुरू होतो किंवा होतच नाही.

म्हणून काटा वर असताना पंखा बंद दिसला, की आधी होज पाईपांना हात लावून बघा. जपून, क्षणभरच, आणि पंखा व बेल्टपासून लांब. वरचा होज थंड किंवा कोमट आणि इंजिन मात्र तापलेलं: थर्मोस्टॅट उघडत नाही. वरचा होज हात ठेववत नाही इतका गरम आणि खालचा थंड: रेडिएटर तुंबलाय किंवा पंप पाणी फिरवत नाही. वरचा आणि खालचा दोन्ही कडक गरम, आणि तरी पंखा बंद: आता खरोखर पंख्याच्या सर्किटकडे वळायचं.

पंख्याचं सर्किट

तर्क साधा आहे. मोटर चांगली आहे का, तिच्यापर्यंत पूर्ण वीज पोचते का, आणि तिला चालू हो म्हणणारा हुकूम येतो का? तपास मोटरकडून सुरू करून मागे मागे जायचं.

एसी असलेल्या गाडीत सगळ्यात सोपी चाचणी म्हणजे इंजिन सुरू करून एसी लावणे. बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसर लागताच पंखाही सुरू होतो. एसीवर फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, तर मोटर, तिची वायर आणि अर्थिंग ठीक आहे आणि दोष सेन्सर किंवा स्विचच्या बाजूला आहे. गाडीला दोन पंखे असतील तर कोणता फिरतोय ते नीट बघा, नाहीतर एसीचा पंखा बघून रेडिएटरच्या पंख्याला पास करून मोकळे व्हाल.

एसी नसेल तर मोटरचा प्लग काढून बॅटरीवरून थेट वीज द्या, मध्ये फ्यूज लावलेल्या वायरने. गाडीवर मूळ जो फ्यूज आहे तेवढाच. पंखा जोरात आणि एकसारखा फिरला पाहिजे. घरघरत, अडखळत किंवा हाताने ढकलल्यावरच सुरू झाला तर मोटरचे ब्रश झिजलेत किंवा बुश घट्ट झालेत. अडकलेली मोटर लाकडी दांड्याने हलकेच ठोकल्यावर फिरायला लागते, पण ती दुरुस्ती नव्हे, निदान आहे. अशी मोटर लवकरच पुन्हा दगा देणार.

मोटर ठीक निघाली तर रिले. साध्या चार पायांच्या रिलेत ८५ आणि ८६ हे कॉइलचे पाय, ३० वर बॅटरीची वीज येते आणि ८७ वरून पंख्याकडे जाते. रिले काढून सॉकेटमध्ये ३० आणि ८७ फ्यूज असलेल्या वायरने जोडा. पंखा फिरला, तर पुढचं सगळं शाबूत आहे आणि दोष रिलेत किंवा हुकमात आहे. नाही फिरला, तर ३० नंबरवर १२ व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर फ्यूज किंवा मुख्य वायर, येत असतील तर रिलेपासून मोटरपर्यंतची वायर किंवा मोटरचं अर्थिंग. शेजारचाच तसाच दुसरा रिले अदलाबदल करून बघणं ही खर्च नसलेली चाचणी आहे, फक्त पायांची मांडणी तीच आहे याची खात्री करा.

हुकूम तपासताना एक फरक ध्यानात ठेवायचा. दोन वायरींचा साधा तापमान-स्विच असेल, तर चावी चालू करून त्या दोन वायरी एकमेकींना जोडल्यावर पंखा फिरला पाहिजे. फिरला तर स्विच गेलेला आहे, किंवा मघाशी सांगितल्याप्रमाणे त्याच्यापर्यंत गरम पाणी पोचत नाही. पण इसीयू असलेल्या गाडीत तिथे स्विच नसून सेन्सर असतो, त्याच्या वायरी अशा जोडायच्या नाहीत. त्याचा प्लग नुसता काढायचा. बऱ्याच गाड्यांत इसीयूला तापमान कळेनासं झालं की तो खबरदारी म्हणून पंखा चालू करतो. सेन्सर मल्टिमीटरने मोजला तर थंड असताना, म्हणजे २० अंशांच्या आसपास, साधारण २ ते ३ किलोओहम आणि ९० अंशांजवळ दोन-तीनशे ओहम असा आकडा बऱ्याच गाड्यांत दिसतो. नेमका आकडा गाडीनुसार बदलतो, पण तापत जाताना तो एकसारखा उतरला पाहिजे, मध्येच उडी नको.

दोन वेगांच्या पंख्यात आणखी एक छुपा दोष असतो. कमी वेगासाठी मोटरच्या वाटेत एक रेझिस्टर असतो. तो जळाला की कमी वेग नाहीसा होतो आणि पंखा थेट जास्त वेगाने, तोही जास्त तापमानाला सुरू होतो. पंखा फिरताना दिसतो, म्हणून कुणी शंका घेत नाही, आणि काटा मात्र आधीपेक्षा वर जाऊनच थांबतो.

पंखा फिरतो, पण मंद?

फिरणारा पंखा म्हणजे चांगला पंखा असं धरू नका. जुन्या गाडीत वीज वाटेतच हरवते. पंखा चालू असताना बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट मोजा आणि मग मोटरच्या प्लगवर. दोन्हींतला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. दोन व्होल्ट गायब असतील तर पंखा फिरेल, पण हवा ओढणार नाही. मग कनेक्टर, फ्यूज आणि अर्थिंग एकेक करून बघा. सैल जोड तापतो, तापल्याने आणखी सैल होतो, आणि शेवटी प्लॅस्टिक तपकिरी पडून वितळायला लागतं. फ्यूज न उडताही त्याचे पाय काळवंडलेले दिसतात. अशा ठिकाणी नवा फ्यूज किंवा नवा रिले लावून भागत नाही, तो जळका सॉकेट आणि वायरीचं टोक बदलावंच लागतं. जास्त अँपिअरचा फ्यूज तर कधीच लावू नका, कारण मग फ्यूजऐवजी वायर जळते.

मोटर बदलल्यानंतर किंवा वायरिंगच्या कामानंतर तक्रार सुरू झाली असेल तर पंख्याची दिशा बघा. दोन वायरींची अदलाबदल झाली तर साधी मोटर उलटी फिरते आणि समोरून येणाऱ्या हवेशी भांडत बसते. पंखा चालू असताना रेडिएटरच्या पुढच्या जाळीसमोर कागद धरा, तो जाळीकडे ओढला गेला पाहिजे.

बेल्टवर चालणारा पंखा असेल तर त्याचा चिकट द्रवाचा क्लच बघा. इंजिन गरम असताना बंद करून पंखा हाताने फिरवला तर त्याने विरोध केला पाहिजे. मोकळेपणाने गरागरा फिरला, किंवा क्लचच्या मध्यावरून तेलकट ओघळ दिसला, तर तो गेला.

गॅरेजमध्ये न सापडणारा दोष

आता ती खरी छळणारी तक्रार: रस्त्यावर तापते, तपासायला घेतली की पंखा छान फिरतो. याचं कारण असं की काही दोष गरम असतानाच असतात. रिलेतला टाका तापल्यावर फुटतो आणि निवल्यावर चिकटतो, कनेक्टर गरम झाल्यावर ढिला होतो, मोटरचा रोटर एका ठरावीक जागी थांबला की ब्रशला टेकत नाही. गाडी गॅरेजपर्यंत येईतो सगळं थंड आणि सगळं जागेवर.

यासाठी मला सगळ्यात भरवशाचा वाटणारा उपाय म्हणजे एक छोटा १२ व्होल्टचा बल्ब. मोटरच्या प्लगवरच्या दोन वायरींना समांतर दोन लांब वायरी जोडा, छोट्या फ्यूजसह, आणि बल्ब केबिनमध्ये नजरेसमोर ठेवा. वायरी पंख्याच्या पात्यापासून आणि एक्झॉस्टपासून लांबून बांधून न्या. मग नेहमीसारखी गाडी चालवा. काटा चढतोय आणि बल्ब लागलाच नाही, तर वीज किंवा अर्थिंग मोटरपर्यंत येत नाही: फ्यूज, रिले, स्विच, वायर. बल्ब लागलाय पण पंखा थांबलेला, तर वीज पोचतेय आणि मोटर नापास. बल्ब मिणमिणता, तर सैल जोड. एक अपवाद: मोटर अडकून फ्यूजच उडाला असेल तर बल्बही लागणार नाही, म्हणून बल्ब बंद दिसला की पहिला हात फ्यूजला.

पंखा निर्दोष असेल तर

बाहेरून रेडिएटर स्वच्छ दिसतो, पण एसीचा कंडेन्सर (रेडिएटरसारखीच दिसणारी, त्याच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत वर्षानुवर्षांची धूळ, किडे आणि पानांचा थर जमलेला असतो. टॉर्च लावून बघा. पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारायचं, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने बाहेर जातो. दाब कमी ठेवा, नाहीतर पातळ पत्र्या वाकून हवेची वाट कायमची बंद होते.

आतून तुंबलेला रेडिएटर वेगात आणि चढणीवर उघडा पडतो. इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरभर फिरवला आणि मधेच एखादा मोठा थंड पट्टा सापडला, तर तिथून पाणी वाहत नाही. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं क्षारयुक्त पाणी भरलेल्या गाडीत हे होतंच. थोडा गाळ धुवून जातो, कडक थर जात नाही. फार जुन्या रेडिएटरमध्ये जोरकस रसायन टाकलं तर गळती सुरू होऊ शकते, कारण काही ठिकाणी तो थरच छिद्र बुजवून बसलेला असतो.

झाकण छोटं असतं, म्हणून दुर्लक्षित राहतं. त्यात दोन झडपा असतात: एक दाब वाढला की कूलंट रेडिएटरला जोडलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत सोडते, दुसरी निवताना ते परत आत घेते. पहिली कमजोर झाली तर कूलंट लवकर उकळून बाहेर जातं. दुसरी अडकली तर थंड गाडीत होज चपटा पडलेला दिसतो आणि बाटलीतलं कूलंट परतत नाही. होज थंडपणी ठीक असून इंजिनचा वेग वाढवल्यावर खालचाच होज चेपत असेल, तर तो आतून पिचलाय किंवा रेडिएटर तुंबलाय.

थर्मोस्टॅट काढून पाण्यात दोऱ्याने लटकवा, भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका, आणि पाणी तापवत जा. त्यावर कोरलेल्या तापमानाजवळ, बहुधा ८२ ते ८८ अंशांत, तो उघडायला लागला पाहिजे आणि आणखी दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. तो काढूनच टाकावा हा सल्ला ऐकू नका. इंजिन कायम गार राहतं, इंधन जास्त जातं, झीज वाढते, आणि ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तिथे पाणी रेडिएटर टाळून तसंच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

पंपाच्या खाली एक लहान छिद्र असतं. तिथून ओघळ आला असेल तर आतलं सील गेलं. पण न गळणारा पंपही नापास असू शकतो: पाती गंजून बारीक होतात, किंवा प्लॅस्टिकची चकती शाफ्टवरून निसटते. बाहेरून पुली फिरताना दिसते, आत पाणी जागचं हलत नाही.

याउपर काही सापडलं नाही तर इंजिन थंड ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या बाहेर बघा: मागे पडलेलं इग्निशन टायमिंग (ठिणगी उशिरा पडणं), घासत राहणारा ब्रेक, तुंबलेला एक्झॉस्ट. इंजिनवर जास्तीचा बोजा आला की तेही तापमान वाढवतात.

हेड गॅस्केटचं, म्हणजे सिलिंडर हेड आणि इंजिनच्या ब्लॉकमधल्या सीलचं, नाव सगळ्यात आधी निघतं आणि तपास मात्र होत नाही. थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होणं, थंडपणीच झाकण काढून गाडी सुरू केली तर सतत बुडबुडे येत राहणं, गळती कुठेच नसताना कूलंट कमी होणं, गोडसर वासाचा पांढरा धूर, तेलात दुधासारखा साका, या खुणा. खात्री करायला निळ्या द्रवाची चाचणी असते: रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली आणि द्रव पिवळा पडला, तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये येतोय. हेड उघडायला होकार देण्याआधी ही चाचणी मागा. तेलाच्या झाकणाखालचा नुसता पांढरट फेस पुरावा धरू नका, छोट्या अंतरांसाठीच चालणाऱ्या गाडीत तो साध्या ओलाव्यानेही दिसतो.

काम झाल्यावर कूलंट आणि शुद्ध पाणी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात, बहुतेक ठिकाणी निम्मं-निम्मं, सावकाश भरा. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा काढण्याचा स्क्रू असेल तर त्यातून बुडबुड्यांशिवाय धार येईपर्यंत तो उघडा ठेवा, नसेल तर गाडीचं तोंड थोडं चढावर लावा. मग एसी बंद ठेवून गाडी उभीच चालू ठेवा आणि पंखा दोन-तीनदा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत जागेवरून हलू नका. काटा दर वेळी त्याच ठिकाणी थांबला पाहिजे. दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण थंड असताना पातळी परत बघा. अडकलेली हवा रात्रीत निघून गेली असेल तर ती थोडी उतरलेली असते, तेवढी भरा. त्यानंतरही रोज उतरत राहिली, तर गळती शोधायची बाकी आहे.